केबलीचा संरोध आणि गावाच्या विजेची सुरक्षितता

गावाच्या पाणीपुरवठ्याची मोटर एकाएकी बंद पडते. डीपीशेजारच्या पेटीत पाहावे तो फ्यूज उडालेला असतो. वायरमनला निरोप जातो. त्याच्याकडे चार गावे असल्याने त्याला येण्यास विलंब लागतो. इकडे टाकी रिकामी होत असते आणि नळावर हंडे रांगेला लागलेले असतात. अशा वेळी कोणी धीट गृहस्थ पुढे होतो, फ्यूजच्या जागी दोन पदरी जाड तार गुंडाळतो आणि मोटर चालू करतो. पाणी येते, गाव समाधान पावते. फ्यूज पुन्हा उडत नाही, याचे तर कौतुकच होते. परंतु त्याच क्षणी गावाने आपला एक रखवालदार कामावरून दूर केलेला असतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी येत नाही.

फ्यूज किती अँपिअरचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता अंदाजाचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर मोटरीच्या अश्वशक्तीवर जितके अवलंबून असते, तितकेच डीपीपासून मोटरीपर्यंत टाकलेल्या केबलीच्या लांबी-जाडीवर अवलंबून असते. अभियंते या संदर्भात केबलीचा ‘संरोध’ काढतात. हे गणित अभियंत्यांचे खरे. तथापि त्याचा परिणाम भोगणारे गाव आहे, आणि केबल खरेदीच्या ठरावावर सही करणारी पंचायत आहे. म्हणून त्याची रीत पंचायतीच्या सदस्यांनी, शिक्षकांनी व ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी शाळेतील अंकगणित व पायथागोरसचा सिद्धांत एवढी शिदोरी पुरेशी आहे.

नाशिक जिल्हा आणि वीज

नाशिक जिल्ह्यास हा विषय परका नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक केंद्रात १९७०-७१ मध्ये प्रत्येकी १४० मेगावॉटचे दोन संच आणि १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच कार्यान्वित झाले. पहिले दोन संच आपले आयुष्य पुरे करून निवृत्त झाले आहेत. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत विजेची स्विचगिअर साधने तयार होतात. २००५ साली मंडळाची पुनर्रचना होऊन निर्मिती, पारेषण व वितरण या कामांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या. द्राक्षबागा, कांद्याची शेती, नदीकाठच्या उपसा योजना आणि गावोगावच्या नळयोजना यांमुळे लघुदाबाच्या लांबलचक केबली जिल्ह्यात सर्वत्र पसरल्या आहेत. वीज मोठ्या केंद्रात तयार होत असली, तरी तिच्या सुरक्षिततेची खरी कसोटी या केबलींच्या शेवटच्या टोकाशी लागते.

दोष म्हणजे काय?

विजेने नेमून दिलेली वाट सोडून आडवाट धरली की त्यास दोष म्हणतात. केबलीवरचे आवरण जुने होऊन फाटते, नांगराचा वा कुदळीचा घाव बसतो, उंदीर कुरतडतात, सांध्यात पाणी शिरते. आणि मग फेजची तार न्यूट्रलला, दुसऱ्या फेजला किंवा मोटरीच्या लोखंडी अंगाला टेकते. मोटरीतून जाताना प्रवाहाला काम करावे लागते, म्हणून तो मर्यादित राहतो. आडवाटेत तसे कोणतेही काम नसल्याने प्रवाह एकदम वाढतो. हाच दोषप्रवाह. तो किती वाढेल, हे वाटेत त्याला होणाऱ्या एकूण विरोधावर ठरते. दाबाला या विरोधाने भागले की दोषप्रवाह मिळतो. शाळेत शिकविला जाणारा ओहमचा नियम तो हाच.

फ्यूज हा या वाढलेल्या प्रवाहाने वितळावा अशी योजना असते. प्रवाह पुरेसा मोठा असेल तरच तो त्वरेने वितळेल. दोषप्रवाह बेताचाच निघाला, तर फ्यूज तो चालू भार समजून स्वस्थ बसेल. केबल जितकी लांब आणि बारीक, तितका दोषप्रवाह लहान. आणि दोषप्रवाह जितका लहान, तितका फ्यूज आळशी. या लेखाचा सारा भर या एका सूत्रावर आहे.

संरोधाचे दोन घटक

एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला तारेचा विरोध होतो, त्यास आपण रोध म्हणतो. आपल्या घरी येणारा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करीत उलटसुलट वाहतो. अशा प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही सतत बदलते व त्या बदलामुळे आणखी एक विरोध उत्पन्न होतो. त्यास रिअॅक्टन्स म्हणतात. दोहोंचा मिळून होणारा परिणाम म्हणजे संरोध. या कल्पनेस इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेवीसाइड यांनी १८८६ साली नाव दिले, आणि १८९३ साली चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी तिचे गणित व्यवहारात वापरण्याजोगे केले.

रोध व रिअॅक्टन्स यांची सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाची एक बाजू रोध व दुसरी रिअॅक्टन्स मानली, तर कर्ण म्हणजे संरोध होय. दोहोंचे वर्ग करावेत, बेरीज करावी आणि वर्गमूळ काढावे.

रोध तीन गोष्टींवर ठरतो : धातू, लांबी व छेदाचे क्षेत्रफळ. तांब्यापेक्षा अॅल्युमिनियमचा रोध अधिक असतो. परंतु ते स्वस्त व हलके असल्याने आपल्या देशातील वितरण केबलींत तेच रूढ झाले. अॅल्युमिनियमची एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाची तार २० अंश सेल्सियसला सुमारे ०.०२८३ ओहम रोध दाखविते. त्यावरून १६ चौरस मिलिमीटरच्या एक किलोमीटर तारेचा रोध १.७७ ओहम येतो. प्रत्यक्षात तारांचा पीळ व निर्मितीतील सूट जमेस धरून मानकाने कमाल मर्यादा १.९१ ओहम ठरविली आहे. भारतीय मानक ८१३० मधील काही आकडे, २० अंश तापमानाचे व एक किलोमीटर लांबीचे, पुढीलप्रमाणे आहेत :

१६ चौ. मि.मी. — १.९१ ओहम
२५ चौ. मि.मी. — १.२० ओहम
३५ चौ. मि.मी. — ०.८६८ ओहम
५० चौ. मि.मी. — ०.६४१ ओहम
७० चौ. मि.मी. — ०.४४३ ओहम
९५ चौ. मि.मी. — ०.३२० ओहम

तापमानाचा विचार येथे विसरून चालत नाही. अॅल्युमिनियमचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. पी.व्ही.सी. आवरणाची केबल पूर्ण भारावर ७० अंशांपर्यंत तापू शकते. म्हणजे २० अंशांच्या तुलनेत तिचा रोध एकपंचमांशाने वाढतो. रिअॅक्टन्स मात्र लघुदाबाच्या केबलीत अल्प, किलोमीटरला सुमारे ०.०८ ओहम असतो. कारण तिच्यातील तारा एकमेकींना अगदी खेटून असतात. खांबांवरील उघड्या तारांत अंतर मोठे असल्याने तोच ०.३ ओहमच्या पुढे जातो.

एक उदाहरण

आता एक गाव कल्पू या. गावात १०० के.व्ही.ए. क्षमतेचे, ११,००० व्होल्टवरून ४३३ व्होल्ट करणारे रोहित्र आहे. डीपीशेजारच्या पेटीतून ३०० मीटर लांब, १६ चौरस मिलिमीटरची, चार सारख्या कोरची अॅल्युमिनियम केबल नदीकाठच्या पंपघरापर्यंत नेली आहे. तेथे दहा अश्वशक्तीची मोटर आहे. ती चालताना प्रत्येक फेजमधून १४ ते १५ अँपिअर घेते. पेटीत फ्यूज आहे.

पहिली पायरी रोहित्राची. त्याच्या पाटीवर संरोध टक्केवारीत लिहिलेला असतो, तो ४.५ टक्के धरू. ४३३ चा वर्ग करून १,००,००० ने भागले असता १.८७५ ओहम येतात, त्याचे ४.५ टक्के म्हणजे ०.०८४ ओहम. यात सुमारे ०.०३३ रोध व ०.०७८ रिअॅक्टन्स असतो. उच्चदाब बाजूचा संरोध येथे सोडला आहे. ११,००० व्होल्टच्या बाजूची दोषक्षमता ५० एम.व्ही.ए. धरली, तर लघुदाब बाजूस त्याचा वाटा अवघा ०.००४ ओहम येतो.

दुसरी पायरी केबलीची. तापलेल्या स्थितीत किलोमीटरला १.९१ गुणिले १.२०, म्हणजे सुमारे २.३० ओहम; ३०० मीटरला ०.६९ ओहम. पण प्रवाह फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो. जाण्याची व येण्याची, दोन्ही वाटा मोजावयाच्या. म्हणून रोध १.३८ ओहम. रिअॅक्टन्स जाऊन-येऊन ६०० मीटरला सुमारे ०.०४८ ओहम.

तिसरी पायरी बेरजेची. एकूण रोध १.४१, एकूण रिअॅक्टन्स ०.१२६. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे १.४२ ओहम. फेज व न्यूट्रल यांमधील दाब ४३३ भागिले १.७३२, म्हणजे २५० व्होल्ट. त्याला १.४२ ने भागले की पंपघराशी फेज न्यूट्रलला टेकल्यास वाहणारा दोषप्रवाह मिळतो : सुमारे १७६ अँपिअर.

हाच दोष रोहित्राच्या अगदी तोंडाशी झाला असता, तर प्रवाह सुमारे २,९६० अँपिअर झाला असता. म्हणजे ३०० मीटर बारीक केबलीने दोषप्रवाह सोळापटीहून अधिक खाली आणला.

आता फ्यूजकडे वळू. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३२ अँपिअरचा सर्वसाधारण कार्ट्रिज फ्यूज पाच सेकंदांत उडण्यास जास्तीत जास्त १५० अँपिअर लागतात. ६३ अँपिअरच्या फ्यूजला ३२० अँपिअर लागू शकतात. आपला दोषप्रवाह १७६. अर्थात ३२ अँपिअरचा फ्यूज पाच सेकंदांच्या आत आपले काम करील. ६३ अँपिअरच्या फ्यूजची मात्र तशी हमी देता येत नाही. त्याला कितीतरी अधिक वेळ लागू शकेल. आणि जाड तार गुंडाळलेली असेल, तर ती उडणारच नाही. दरम्यान केबल तापत राहील. उष्णता बाहेर जात नाही असे धरून ढोबळ हिशेब केला, तर १६ चौरस मिलिमीटरची पी.व्ही.सी. केबल १७६ अँपिअरने सुमारे पाऊण मिनिटात आवरणाच्या सहनमर्यादेपर्यंत, म्हणजे १६० अंशांपर्यंत, पोहोचते.

दोन टोके, दोन प्रश्न

दोषाच्या अभ्यासात नेहमी दोन गणिते करावी लागतात, आणि त्यांचे हेतू भिन्न असतात.

पहिले गणित सर्वांत मोठ्या दोषप्रवाहाचे. त्यासाठी केबल थंड धरतात व दोष सुरुवातीच्या टोकाशी कल्पितात. प्रश्न असा की, एवढा प्रवाह तोडण्याची ताकद फ्यूजमध्ये किंवा ब्रेकरमध्ये आहे काय? चिनी मातीच्या किटकॅटमध्ये मोठा प्रवाह तुटताना ठिणगीचा लोळ उठून ती फुटू शकते. बंद नळीत वाळू भरलेला एच.आर.सी. फ्यूज तीच ठिणगी पोटातल्या पोटात विझवितो. शिवाय २,९६० अँपिअरने १६ चौरस मिलिमीटरची केबल सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्श्यात मर्यादेपर्यंत तापते. तितक्या अवधीत प्रवाह तुटलाच पाहिजे.

दुसरे गणित सर्वांत लहान दोषप्रवाहाचे. त्यासाठी केबल तापलेली धरतात, दोष शेवटच्या टोकाशी कल्पितात आणि परतीची वाट मोजतात. प्रश्न असा की, एवढ्याशा प्रवाहाने फ्यूज उडेल काय? वरील उदाहरणात केबल थंड असती तर दोषप्रवाह २१० अँपिअरच्या आसपास आला असता; थंडीच्या सकाळी जो फ्यूज वेळेवर उडतो, तोच उन्हाळ्यात दिवसभर चाललेल्या मोटरीच्या केबलीवर रेंगाळू शकतो, तो यामुळे.

पहिला प्रश्न सहसा विचारला जातो, कारण मोठ्या प्रवाहाची भीती सर्वांना वाटते. दुसरा प्रश्न पुष्कळदा राहून जातो. ग्रामीण भागात मात्र महत्त्व दुसऱ्याचेच अधिक आहे.

शहरात याच्या उलट अनुभव येतो. खांबांवरील ११,००० व्होल्टच्या तारा उतरवून भूमिगत केबल टाकली की संरोध घटतो व दोषप्रवाह वाढतो. समजा, ५ एम.व्ही.ए.च्या उपकेंद्रातून पाच किलोमीटर लांबीची ‘रॅबिट’ जातीची उघडी तार गेली आहे. तिच्या टोकाशी तीन फेजच्या दोषाचा प्रवाह सुमारे १,४३० अँपिअर येतो. तिच्या जागी ३०० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल टाकल्यास तोच प्रवाह सुमारे २,८४० अँपिअर होतो. वाहिनी बदलली की रक्षकसाधनांचे गणित नव्याने मांडावे लागते, ते याचसाठी.

साडेतीन कोरची गोम

आपल्या गावाने केबल बदलण्याचे ठरविले असे समजू. १६ ऐवजी ३५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर जाण्या-येण्याचा रोध ०.६३ ओहमपर्यंत उतरतो व पंपघराशी दोषप्रवाह सुमारे ३७३ अँपिअर होतो. आता ६३ अँपिअरचा फ्यूजही पाच सेकंदांत उडेल.

परंतु बाजारात ३५ चौरस मिलिमीटरची केबल बहुधा ‘साडेतीन कोर’ या नावाने मिळते. तिच्यातील तीन फेजच्या तारा ३५ च्या असल्या, तरी न्यूट्रलची अर्धी कोर १६ चीच असते. तीन फेजवर सारखा भार असता न्यूट्रलमधून प्रवाह थोडाच जातो. म्हणून ही काटकसर भाराच्या दृष्टीने योग्यच आहे. दोष झाला की मात्र परतीचा सारा प्रवाह त्या अर्ध्या कोरने यावयाचा असतो. रोध ०.३१ अधिक ०.६९, म्हणजे एक ओहम होतो. रोहित्राचा वाटा मिळवून दोषप्रवाह सुमारे २४० अँपिअर येतो. ६३ अँपिअरच्या फ्यूजला पाच सेकंदांच्या हमीसाठी ३२० लागतात. म्हणजे दुपटीहून जाड केबल घेऊनही तो फ्यूज अपुराच ठरला! ३२ अँपिअरचा फ्यूज मात्र दोन्ही केबलींवर योग्य ठरतो. दरपत्रकात केबलीची जाडी पाहताना परतीच्या कोरची जाडी पाहण्यास विसरू नये, हा यातील धडा आहे.

परतीची वाट जमिनीतून असेल तर

आतापर्यंतचा दोष तारेतून तारेत होता. अधिक भयंकर प्रकार पुढेच आहे. मोटरीचे वेटोळे जळून फेज तिच्या लोखंडी अंगाला टेकते. मोटरीचे अंग पंपघराशेजारच्या भूसंपर्क खड्ड्यास जोडलेले आहे. आता प्रवाह त्या खड्ड्यातून जमिनीत शिरतो व रोहित्राच्या भूसंपर्कातून परत जातो. पंपघराच्या भूसंपर्काचा रोध ५ ओहम व रोहित्राचा २ ओहम धरू. केबलीची एक वाट ०.६९ ओहम आणि रोहित्राचा अल्पसा वाटा मिळून एकूण सुमारे ७.७ ओहम. २५० ला ७.७ ने भागले असता सुमारे ३२ अँपिअर येतात.

३२ अँपिअरचा फ्यूज ३२ अँपिअरने उडत नाही. तेवढा प्रवाह तर त्याने निर्वेधपणे वाहून न्यावा, हाच त्याचा अर्थ आहे. म्हणजे योग्य फ्यूज बसविलेला असूनही दोष कायम राहील. आणि मोटरीच्या अंगावर किती दाब असेल? ३२.४ अँपिअर गुणिले ५ ओहम, म्हणजे १६२ व्होल्ट. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस या मोटरीला किंवा तिच्या लोखंडी नळाला हात लावील, तर त्याच्या देहातून शंभराहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. छातीतून काही सेकंद वाहिलेला पन्नास मिलिअँपिअर प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

भूसंपर्क सुधारला तर हा धोका टळतो काय? पूर्णतः नाही. दोन्हीकडील रोध मिळून ३ ओहमपर्यंत खाली आणला, तरी प्रवाह ६७ अँपिअरच्या आसपास राहतो व ३२ अँपिअरच्या फ्यूजला उडण्यास काही मिनिटे लागू शकतात. त्यातून नाशिक जिल्ह्याची जमीन सर्वत्र सारखी नाही. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत ओल असेपर्यंत भूसंपर्क चांगला लागतो; उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळली की रोध वाढतो. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडील मुरूम व कातळ यांत तर तो मुळातच अधिक येतो. खड्ड्यात मीठ-कोळसा घालावा, पाणी ओतावे, सांधे घट्ट ठेवावेत, हे सर्व आवश्यक आहे. पण पुरेसे नाही.

यावर खरा उपाय गळती-रक्षकाचा. हे साधन गेलेला व परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. जितका गेला तितका परत आला नाही, तर उरलेला कोठेतरी जमिनीत गळतो आहे असा त्याचा अर्थ. आणि हे साधन तत्काळ पुरवठा तोडते. त्याला शेकडो अँपिअरची गरज नसते. १०० मिलिअँपिअरवर चालणारे साधन बसविले, तर भूसंपर्काचा रोध ५०० ओहमपर्यंत बिघडला, तरी मोटरीच्या अंगावर ५० व्होल्टहून अधिक दाब टिकू शकत नाही. केबलीच्या संरोधामुळे फ्यूज जेथे लंगडा पडतो, तेथे हे साधन त्याची उणीव भरून काढते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत व त्यांची जागा घेणाऱ्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या विनियमांत भूसंपर्क आणि गळतीपासून संरक्षण यांबाबत तरतुदी आहेत. त्यांच्या पालनावर विद्युत निरीक्षकांची देखरेख असते.

तात्पुरत्या जोडण्यांना हाच विचार अधिकच लागू पडतो. यात्रा, जत्रा, लग्नाचे मांडव येथे लांबच लांब बारीक केबली जमिनीवरून नेल्या जातात. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम वसले होते. २०२७ हे पुन्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे साल. नदीकाठ, ओले घाट, अनवाणी भाविक आणि तंबूंतील तात्पुरती वीज अशा सर्व गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे शेवटच्या टोकाचा दोषप्रवाह मोजून ठेवणे व गळती-रक्षक बसविणे यांस पर्याय नाही.

पंचायतीने काय विचारावे?

हे गणित पंचायतीने स्वतः करून काम उरकावे, असे सुचवावयाचे नाही. ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे व अभियंत्याचे काम आहे. मात्र काम मंजूर करताना वा ताब्यात घेताना पुढील प्रश्न जरूर विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत :

१. केबलीची लांबी, फेजच्या व न्यूट्रलच्या कोरची जाडी आणि धातू कोणता?
२. शेवटच्या टोकाशी, केबल तापलेली असता, किमान दोषप्रवाह किती येतो?
३. बसविलेला फ्यूज किती अँपिअरचा आहे, व तो त्या दोषप्रवाहाने किती सेकंदांत उडेल?
४. सुरुवातीच्या टोकाचा कमाल दोषप्रवाह तोडण्याची क्षमता त्या फ्यूजमध्ये आहे काय?
५. भूसंपर्काचा रोध केव्हा मोजला व किती आला? उन्हाळ्यातील मोजणी झाली आहे काय?
६. गळती-रक्षक बसविला आहे काय, आणि त्याची चाचणीची कळ नियमितपणे दाबून पाहण्याची जबाबदारी कोणाची?

ही सहा उत्तरे एका पुठ्ठ्यावर लिहून पेटीच्या दाराच्या आतील बाजूस लावावीत. त्याच पेटीत योग्य मापाचे दोन-तीन जादा फ्यूज ठेवावेत. जाड तार गुंडाळण्याचा मोह होतो, तो बहुतेक वेळा हाताशी खरा फ्यूज नसतो म्हणून. जादा फ्यूजचा खर्च केबलीच्या व मोटरीच्या किमतीपुढे नगण्य आहे. मात्र फ्यूज बदलण्यापूर्वी पुरवठा बंद करावा, आणि तो माहीतगार माणसानेच बदलावा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडू लागला, तर तो तक्रार करीत आहे असे समजावे व दोषाचा शोध घ्यावा.

शिक्षकांना याच विषयातून एक चांगला स्वाध्याय देता येईल. वरील रोहित्रापासून २०० मीटरवर, २५ चौरस मिलिमीटरच्या चार सारख्या कोरच्या केबलीच्या टोकाशी दोषप्रवाह किती येईल, हे विद्यार्थ्यांना काढावयास सांगावे. उत्तर ४०४ अँपिअरच्या आसपास आले पाहिजे. नंतर आपल्याच गावाच्या पंपघराचे अंतर टेपने मोजावे, केबलीवर छापलेली जाडी दुरूनच वाचावी आणि तेच गणित पुन्हा करावे. पेटी उघडण्याची अथवा तारेला स्पर्श करण्याची त्यासाठी मुळीच आवश्यकता नाही. ओहमचा नियम व पायथागोरसचा सिद्धांत यांचा आपल्या पिण्याच्या पाण्याशी काय संबंध आहे, हे त्या दिवशी मुलांना उमगेल. आणि डीपीशेजारच्या पेटीत जाड तार दिसली, तर घरी जाऊन ती गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानावर घालणारी पहिली व्यक्ती बहुधा त्या वर्गातलीच असेल.